अर्धा एकर विकून डिप्लोमा करू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी २३ वर्षांची, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. पाचवीपासून खो-खो खेळले. दोनदा राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला गेले. दोन वर्षांपूर्वी सूर मारताना गुडघा फिरला, लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालणं-धावणं होईल, पण पूर्वीसारखा खो-खो आता नको. बी.कॉम. झालंय. सध्या एका खताच्या दुकानात टॅलीवर हिशेब ठेवते. संध्याकाळी सरांनी बोलावलं की मैदानावर जाऊन मुलींची वेळ लावते, स्पर्धा असली की त्यांचे फॉर्म भरून देते. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी साडेचार लाख, राहणं वेगळं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतात. बाबा अर्धा एकर विकायला तयार आहेत. मामा म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे, हे खूळ सोड. मला इंग्रजी नीट येत नाही, कुणाची ओळख नाही. आणि ताई, खरं सांगते, खो-खो विश्वचषकाची फायनल लागली तेव्हा मी पाच मिनिटांत टीव्ही बंद केला. मी या क्षेत्रात जावं का? जायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर:

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना माझी नजर त्या अर्ध्या एकरावरच अडकली, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. जमीन आत्ता विकू नका. डिप्लोमा वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण तो नेमका कोणत्या कामासाठी घ्यायचा हे अजून तुलाच ठरवता आलेलं नाही, आणि न ठरलेल्या कामासाठी बापाची जमीन जाऊ नये. ती एकदा गेली की परत येत नाही. प्रवेश पुढच्या वर्षीही मिळतो.

आता टीव्हीचं. १९ जानेवारी २०२५. दिल्लीत पहिल्यावहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. त्याच दिवशी मुलांनीही चषक जिंकला, त्यांचा कर्णधार प्रतीक वाईकरही आपलाच. ज्या खेळाला आपण मातीत, अनवाणी पायांनी वाढवलं, तो खेळ दिव्यांच्या झगमगाटात सगळं जग बघत होतं, आणि तू टीव्ही बंद केलास. मला त्यात काहीही कमीपणा वाटत नाही. दहा-अकरा वर्षं ज्या पायांवर भरवसा ठेवला तेच थांबले, तर दुसऱ्यांचे पाय पळताना बघवत नाहीत. एवढंच की तू हे पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस, आणि माझ्या मते तोच तुझा खरा प्रश्न आहे.

मैदानाबाहेरचं काम म्हणजे रोज मैदान समोर असणं. तुझ्या वयाच्या, तुझ्यापेक्षा थोड्या कमी जीव तोडून खेळणाऱ्या मुलींनाही तुझ्यासमोर संधी मिळणार, आणि त्यांचं तिकीट तू काढायचं, त्यांच्या पळतीची वेळ तू लिहायची. काही खेळाडूंना हे वर्षभरात जमून जातं, मग त्यांना त्या कामात खेळण्याइतकाच आनंद मिळतो. काहींना कधीच जमत नाही. जमलं नाही म्हणजे खेळावरचं प्रेम कमी होतं, असा अर्थ कुणी काढू नये, तूही काढू नकोस. मात्र आपण यांपैकी कोणत्या गटातले हे घरी उशीत तोंड खुपसून कळत नाही. त्यासाठी सामन्याच्या वेळी गुणलेखनाच्या टेबलावर जाऊन बसावं लागतं. त्याकडे मी शेवटी येते.

तू विचारतेस, सुरुवात कुठून करू. मुली, तू सुरुवात दोन वर्षांपूर्वीच केली आहेस! मुलींची वेळ लावतेस, फॉर्म भरून देतेस, हे तू असं लिहिलंस जणू घरातला केर काढल्याची गोष्ट. मला विचारशील तर तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी मी मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून राष्ट्रीय स्पर्धेला चालले होते. बारा मुली, तीस तासांचा प्रवास. ज्यांनी तिकिटं काढायची त्यांनी ती उशिरा काढली, आणि चार्ट लागला तेव्हा आमच्या हातात पक्के बर्थ पाचच. रात्री दीडला मनमाडला गाडीत चढलो. पहिल्याच डब्यात दाराजवळ सगळ्या बॅगा घेऊन उभ्या. मी टीसीला शोधायला पुढे गेले. परत आले तर काय, बॅगा बाकाखाली सरकवलेल्या, पाच मुली झोपलेल्या, बाकीच्या खाली चादर टाकून बसलेल्या. आमच्याबरोबर मदतनीस म्हणून एक माजी खेळाडू होती, खांदा निकामी झाल्याने खेळ सुटलेली. तिने आरक्षणाच्या कोऱ्या फॉर्मच्या मागे पेनाने तक्ता केला होता: कोण कधी झोपणार, तीन तासांची पाळी, दुसऱ्या दिवशी जिला जास्त वेळ संरक्षण करायचंय तिला सलग सहा तास. तक्त्याच्या कडेला प्रत्येकीचा रक्तगट. ज्यांना मासिक पाळी आली आहे त्यांच्या नावापुढे फक्त टिंब. सकाळी उतरलो, दुपारी चारला सामना खेळलो आणि जिंकलो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पळती करणाऱ्या मुलींची नावं आली, आणि ती यायलाच हवीत. पण तो सामना अर्धा त्या तक्त्यावर जिंकला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. ती मुलगी आता लीगमधल्या संघांच्या प्रवासाची आणि निवासाची व्यवस्था बघते. तिने कोणताही डिप्लोमा केला नव्हता. खेळाडू रात्री दोन वाजता कशाने हैराण होतो हे तिला अंगाने माहीत होतं, आणि तेच तिचं भांडवल.

'स्पोर्ट्स इंडस्ट्री' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयपीएलचा डगआउट आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं येतात. जणू एक मोठा वाडा आहे, त्याला एकच दार आहे आणि दाराची चावी पुण्यातल्या त्या संस्थेकडे आहे. तसं नाही ते. ती वीस-पंचवीस वेगवेगळी कामं आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी तेवढाच संबंध आहे जेवढा दवाखान्यातल्या डॉक्टरचा आणि तिथल्या कॅशिअरचा. म्हणून 'या क्षेत्रात जाऊ का' हा प्रश्न तू थोडा बदल. दिवसभर कोणतं काम केलं तर आपण कंटाळणार नाही, असं स्वतःला विचार.

तुझ्याकडे जे आहे त्यावरून मला तीन-चार कामं दिसतात.

पहिलं, गुणलेखन आणि तांत्रिक काम. खो-खोच्या सामन्याला दोन पंच, एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात हे तुला मी सांगायला नको. पंच परीक्षा संघटना घेतात, आणि त्यांचा खर्च त्या साडेचार लाखांच्या पासंगालाही पुरत नाही. पण एक लक्षात घे: पंचाला पाठलागाबरोबर नऊ-नऊ मिनिटं मागेपुढे धावावं लागतं, झटकन वळावं लागतं. तुझा गुडघा आधी टेबलावर बसव. वेळाधिकारी, गुणलेखक इथून सुरुवात कर आणि मैदानातलं पंचपद फिजिओने हिरवा कंदील दाखवल्यावर बघ. या कामावर घर चालत नाही, मानधन दिवसाच्या हिशेबाने आणि स्पर्धेपुरतं मिळतं. तरी याच टेबलावर सगळ्या जिल्ह्यांचे प्रशिक्षक, संघटनांचे पदाधिकारी, निवड समितीचे लोक भेटतात. 'ओळख नाही' म्हणतेस ना, ओळख इथे होते.

दुसरं, सामन्यांचं विश्लेषण. याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण तू टॅलीवर हिशेब ठेवतेस आणि तुला खो-खो कळतो, आणि या दोन्ही गोष्टी एका माणसात फार क्वचित सापडतात. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूची नोंद ठेवणारे लोक कधीचे आहेत. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि कबड्डीतही कोणता चढाईपटू कोणत्या बाजूने शिरतो, तिसऱ्या चढाईला काय करतो, हे मोजणं आलं. खो-खोमध्ये हे काम अजून कोवळं आहे. तू एवढंच कर. तुमच्या क्लबच्या मुलींचे दहा सामने मोबाइलवर घे. मोबाइल खांबाच्या मागे, उंच स्टुलावर किंवा गॅलरीत, हलू न देता. मग रात्री बसून एका तक्त्यात प्रत्येक संरक्षक मुलीसाठी एक ओळ लिही: तिघी-तिघींच्या कितव्या तुकडीत उतरली, किती वेळ टिकली, कोणत्या चौकोनात बाद झाली, कशी बाद झाली. सूर मारून, खांबावर, हद्दीबाहेर गेल्याने, की साखळी (बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळणं) सोडून रिंगमध्ये (गोल फेरी मारत पळणं) जाताना पाय अडखळून? दहा सामन्यांनंतर तो तक्ता तुझ्याशी बोलायला लागेल. एखादी मुलगी पहिला दीड मिनिट उत्तम पळते आणि त्यानंतर दर वेळी एकाच खांबाच्या वळणावर पकडली जाते, असं काहीतरी त्यात नक्की सापडेल. सरांना सगळा तक्ता नको दाखवूस. एका पानावर तीन गोष्टी लिहून दे. सर त्या तिघींच्या सरावात बदल करतील, आणि महिन्याने तू पुन्हा मोज. हे पान, आधीचं आणि नंतरचं, कोणत्याही संघाच्या मुलाखतीत घेऊन जाता येतं. त्याच्यासमोर नुसतं प्रमाणपत्र फिकं पडतं.

तिसरं काम संघाच्या आणि संघटनेच्या व्यवस्थेचं. प्रवास, निवास, वयाचे दाखले, विम्याची कागदं, प्रवेशिका, आणि हिशेब. क्रीडा संघटना आणि क्लब नोंदणीकृत संस्था असतात, त्यांना लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं, अनुदान मिळालं तर ते ठरल्या कामालाच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. जिल्ह्याच्या पातळीवर या कामाला माणूस मिळत नाही. खेळाडूंना हिशेब येत नाही आणि हिशेब येणाऱ्यांना खेळात रस नसतो. तुझं बी.कॉम. वाया गेलं असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. शिवाय मुलींच्या संघाबरोबर बाई व्यवस्थापक हवीच असते आणि ऐनवेळी कुणीतरी मावशी-काकू शोधली जाते, हे तू अनुभवलं असशील.

चौथं, बातमी. जिल्हा स्पर्धेचा निकाल पेपरात येतो तो कुणीतरी संध्याकाळी सातच्या आत नीट लिहून, पळतीच्या वेळा आणि बाद केलेले गडी तपासून, एका चांगल्या फोटोसह पाठवतं म्हणून. हे काम तुझ्या भाषेत आहे, मराठीत. २०२३ पासून आयपीएलचं समालोचन मोबाइलवर मराठीतही ऐकू येतं. बोलण्याची हौस असेल तर तुमच्याच सामन्यांचं समालोचन मोबाइलवर करून बघ, स्वतःचंच ऐक. आवडलं तर पुढे बघू.

प्रशिक्षक होण्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून थोडक्यात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे, ज्याला सगळे एनआयएस म्हणतात, प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. त्यातला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स अनेक जण पहिली पायरी म्हणून करतात. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, दोन वर्षांची आहे, आणि त्याच्या सीईटीत मैदानी चाचणीही असते, तेव्हा गुडघ्याचं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय फॉर्म भरू नकोस. शाळांमधली क्रीडाशिक्षकांची भरती किती रखडते तेही तुला माहीत आहे. (बारावी सायन्सची मुलं हे वाचत असतील त्यांच्यासाठी: स्पोर्ट्स फिजिओ व्हायचं तर आधी फिजिओथेरपीची पूर्ण पदवी, साडेचार-पाच वर्षांची, आणि मग खेळाची विशेष पदव्युत्तर पदवी. तीन महिन्यांच्या कोर्सने कुणी फिजिओ होत नाही, आणि तसं सांगणाऱ्यांच्या हाती खेळाडूंनी आपलं शरीर देऊ नये.)

मामांकडे वळते. मामा तुझा वैरी नाही. त्यांना घरात दर महिन्याला येणारा पगार दिसतोय, आणि बाबांचं वय दिसतंय. पण त्यांची एक समजूत चुकते आहे, आणि तुझीही तीच: नोकरीची परीक्षा एकीकडे आणि खेळ दुसरीकडे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच खेळाडूंसाठी राखलेल्या जागा. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कोणत्या गटाच्या पदाला चालतं हे शासन निर्णयात दिलेलं आहे. तू दोनदा राष्ट्रीय खेळलीस. ती प्रमाणपत्रं कुठे आहेत? ट्रंकेत, लॅमिनेट करून? ती बाहेर काढ, तुमच्या विभागाच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयात जाऊन पडताळणीला दे. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघड झाल्यापासून ही पडताळणी काटेकोर झाली आहे आणि तिला वेळ लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्या किती तरी खऱ्या खेळाडूंची संधी या एका कागदामुळे हुकते. रेल्वे किंवा पोलिसांतल्या खेळाडू भरतीसारखं इथे मैदानात उतरून खेळून दाखवायचं नसतं, म्हणून तुझ्यासाठी हा रस्ता जास्त मोलाचा.

आणि सारिका काळे यांचं नाव तुला ठाऊक नाही असं होणार नाही. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार, उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. सरकारी पगार, आणि दिवसभर खेळाचंच काम. मामांना हे उदाहरण सांग. बँकेची परीक्षा द्यायलाही माझी ना नाही. बँकेत काम करून शनिवार-रविवार आपल्या क्लबचा कणा झालेली माणसं या राज्यात गावोगाव आहेत, आणि त्यांच्याशिवाय आपले खो-खो, कबड्डी लीग येईपर्यंत तगलेच नसते.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण त्या संस्थेच्या माहितीपत्रकात हे नसणार. लीगची कामं हंगामी असतात आणि लीगचा भरवसा नसतो. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली, ती परत आली डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या सात वर्षांत तिथे काम करणाऱ्यांनी काय केलं असेल? आपली अल्टिमेट खो-खो २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झाली, दुसरा हंगाम कटकला झाला तो थेट २०२३ च्या डिसेंबरअखेर. फुटबॉलची इंडियन सुपर लीग २०२५ मध्ये करारांच्या घोळात अडकली, ठरल्या वेळी सुरूच झाली नाही, आणि काही क्लबांनी कामकाज थांबवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, ड्रीम इलेव्हन या अशाच खेळांच्या कंपनीने भारतीय क्रिकेट संघाचं प्रायोजकत्व सोडलं, आणि अशा कंपन्यांमध्ये चांगल्या पगारावर असलेल्या किती तरी तरुणांच्या नोकऱ्या गेल्या. हे घाबरवायला सांगत नाही. कामं वाढताहेत हेही खरं: २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हायची आहे, आणि एवढ्या मोठ्या स्पर्धेला हजारो हात लागतात. पण निदान पहिली तीन-चार वर्षं एक बारमाही काम हातात असू दे, आणि खेळाचं काम त्याच्याबरोबर वाढव. खताच्या दुकानातली नोकरी एवढ्यात सोडू नकोस. मालकांना सांगून स्पर्धेच्या तीन-चार दिवसांची रजा ठरवून घे.

आता तो डिप्लोमा. तिथे फोन कर, किंवा बाबांबरोबर जाऊन ये, आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांपैकी पाच जणांचे फोन नंबर माग. संस्थेनेच निवडलेले तीन नकोत, तू यादीतून बोट ठेवशील ते पाच. देत नसतील तर तिथेच विषय संपला. दिले तर त्या मुलांना विचार: आज काय काम करता, पहिला पगार किती होता, ते काम संस्थेने मिळवून दिलं की तुम्ही स्वतः, आणि इंटर्नशिपमध्ये नेमकं काय करायला लावलं. 'प्लेसमेंट' म्हणजे नोकरी की नुसतं मुलाखतीचं बोलावणं, हे लेखी माग. पदविकेला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे, आणि मध्येच सोडावं लागलं तर फीचे किती पैसे परत, हेही लेखी. शिकवणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष संघाबरोबर किंवा स्पर्धेत काम केलेले किती, ते विचार. हे सगळं समाधानकारक असेल, आणि वर्षभराने तुला पक्कं कळलं असेल की मला स्पर्धा-व्यवस्थापनच करायचंय आणि माझ्यात नेमकी अमुक उणीव आहे जी हा कोर्स भरून काढतो, तर मीच म्हणेन, जा. तेव्हाही जमीन विकून नाही. शैक्षणिक कर्ज मिळतं का बघा, शिष्यवृत्ती बघा. ज्या संस्थेच्या कोर्सला बँक कर्ज द्यायला कां-कूं करते, तिथे बाबांनी तरी पैसे का घालावेत?

इंग्रजीची भीती मला समजते. मोठ्या संघाच्या ऑफिसात इंग्रजी लागतं, ते नाकारून उपयोग नाही. पण तुला कादंबऱ्या वाचायच्या नाहीत. खो-खोच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत मिळतं, ते घे आणि रोज दोन नियम वाच. अर्थ तुला आधीच पाठ आहे, म्हणून शब्द आपोआप बसतील. मग प्रवासाचं पत्र, निवासाची विनंती, निकालाचं टिपण, असे दहा मजकूर इंग्रजीत तयार करून ठेव. सरांच्या ओळखीतल्या कुणा शिक्षकांकडून तपासून घे. या कामांमधला निम्मा पत्रव्यवहार तेवढ्यावर भागतो.

एक गोष्ट मुलगी म्हणून. बाहेरगावच्या स्पर्धेचं काम आलं तर राहण्याची सोय कुठे, खोलीत कोण, रात्री स्टेशनवरून कसं न्यायचं, हे आधी विचार आणि निरोप लिहून घे, मेसेजवर का होईना. विचारल्यामुळे काम गेलं तर ते काम गेलेलंच बरं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेली लीग किंवा कंपनी असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिचं नाव-गाव पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यावं, गरज पडो न पडो. गावाकडून पहिल्यांदा निघणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे सांगते.

आता टेबलाचं. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेच्या तारखा लागतील तेव्हा तीन दिवस गुणलेखनाच्या टेबलावर बस. सकाळच्या पहिल्या सामन्यापासून रात्रीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत, पूर्ण. पहिल्या दिवशी तुला रडू येईल असं धरूनच चाल, रुमाल जवळ ठेव. पहिला दिवस मोजू नकोस. तिसऱ्या दिवशी रात्री, सगळे आवरून गेल्यावर, चुन्याच्या रेषा पुसट झालेल्या असतील तेव्हा मैदानाच्या कडेला पाच मिनिटं बस आणि बघ मनात काय चाललंय. 'मी का नाही पळत' हेच अजून घुमत असेल तर थांब, वर्षभर दुसरी नोकरी कर, गुडघा बरा होऊ दे, घाई नाही. आणि जर मनात असं येत असेल की दुसऱ्या सामन्यात त्या डावखुऱ्या मुलीची वेळ आपण पाच सेकंद चुकवली का, उद्या तपासू, तर मला लगेच लिही. मग पुढच्या गोष्टी बोलू.

जिल्हा संघटनेच्या सचिवांना आजच फोन कर, मी राष्ट्रीय खेळाडू आहे, मला टेबलावर खुर्ची द्या, म्हणून सांग. नाही म्हणणार नाहीत, त्यांना माणसं कमीच पडतात. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स या आठवड्यात काढ. आणि बाबांना म्हणावं, जमिनीला गिऱ्हाईक आलं असेल तर त्याला तूर्त नाही कळवा.

तुझी,
ताई